शत्रुपक्षातला चौथा मृत

ब्लाइनाय फेस्टिनिओगला, पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत
सप्टेंबरातले नऊ दिवस मी मेलो.
दिवसाला ब्याण्णव पौंड, जेवण वेगळं.

फार्मसीच्या काचेवर जाहिरात मीच चिकटवली होती:
उंच, किडकिडीत माणसं हवीत, पावसाची सवय असलेली.
सवय कुणाला नाही इथे?
विभावरी म्हणाली, जा, निदान रजा तरी वापरली जाईल.

पहाटे चारला खुर्चीत बसवायचे.
रबराचे कान, कपाळावर शिंगांचे कोंभ, दातांना काळा रंग.
साडेसातला आरशात बघितलं तर
कऱ्हाडचा मोरेश्वर टिळवे कुठेच नव्हता,
डोळे तेवढे ओळखीचे, चष्म्यावाचून बावरलेले.

शेजारी एम्रिस. वय अडुसष्ट.
याच खाणीत त्यानं अठरा वर्षं दगड चिरला,
याच उतारावर त्याचा आजा दरडीखाली गेला,
आणि आता हा तिथेच,
दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून, डाव्या कुशीवर.
"या वेळी पैसे बरे आहेत," म्हणाला.
मेलेल्यांनी हसू नका, असं भोंग्यातून कुणीतरी ओरडलं.

कादंबरी मी वाचली होती.
लायब्ररीतली जाडजूड प्रत, मागे तारखांचे शिक्के,
पहिला शिक्का माझ्या बापाच्या जन्माआधीचा.
घंटा चोरीला गेलेलं राज्य, ती शोधायला निघालेला राजा,
वाटेत नद्या, नकाशे, शपथा,
आणि एकतिसावं प्रकरण, जेमतेम चार पानांचं:
लढाई संपल्यावर एक धोबीण नदीवर उतरते,
शत्रूच्या प्रेतांची तोंडं धुते,
चिखलाखालून माणसाचंच तोंड निघतं
म्हणून त्याला नाव विचारते.
उत्तर येत नाही. ती थोडी थांबते. मग पुढच्याकडे जाते.

मी त्या धोबिणीची वाट बघत होतो.
नऊही दिवस, ओल्या भुकटीत गाल टेकून.
आली ती एक कॉलेजातली पोरगी, बाटलीतून रक्त फवारत.
"डोळे मिटा हं, झोंबेल."

आपल्या बखरींतही बघा:
आपले धारातीर्थी पडतात, कामी येतात,
त्यांचे नुसते कापले जातात.
आणि आपल्यांतसुद्धा मोत्यांचा हिशोब लागतो, मोहरांचा लागतो,
खुर्द्याची गणती कोण ठेवतो?
हे मी एम्रिसला सांगितलं, रबरी ओठांतून, इंग्रजीत.
त्याला खुर्दा कळला.
खाणीच्या हजेरीवहीत, म्हणाला,
आज्याच्या नावावर नुसती रेघ आहे.

पुढच्या एप्रिलात सिनेमा आला.
लँडडनो जंक्शनचं थिएटर. विभावरी, अन्वय, मी,
आणि साडेआठ पौंडांच्या मक्याच्या लाह्या.
लढाई अकरा मिनिटं, बरीचशी वरून,
गिधाडाला दिसेल तशी.
राजा घोडा घालतो तिथे दोन सेकंद माझा हात दिसतो.
घड्याळाचा पांढरा पट्टा रंगवायचा राहिला होता,
त्यावरून ओळखला.
आणि चिलटं चावत होती, म्हणून
करंगळी हलली.
अन्वय ओरडला, बाबा, तो जिवंत आहे!
पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, श्श.

एकतिसावं प्रकरण नव्हतं.
त्या जागी एक पंखवाला प्राणी बराच वेळ उडाला.
चांगला उडाला, खोटं कशाला बोलू.
आणि घंटा वाजली तेव्हा खुर्च्या थरथरल्या,
माझेही डोळे भरून आले, राजासाठी!
मग नावं वर सरकत गेली,
घोड्यांना पाणी पाजणाऱ्यांची, चहा देणाऱ्यांची, वकिलांची.
झाडूवाला येईपर्यंत आम्ही बसून.
आमची नव्हती.

दर गुरुवारी एम्रिस काउंटरवर येतो,
छातीत साठलेल्या धुळीची औषधं न्यायला.
नियम आहे, म्हणून विचारावं लागतं:
पत्ता, जन्मतारीख,
आणि इतका ओळखत असूनही, नाव.
तो सांगतो. सावकाश, आडनावासकट,
त्यात वेल्शमधला तो 'ल', जिभेच्या कडेनं वारा सोडणारा,
जो मला अकरा वर्षांत जमलेला नाही.
मागे रांग असते.
मी म्हणतो, परत एकदा सांगा.